गवताळ जमीन खरंच नांगरली गेली का, हे उपग्रह नकाशांवरून कसं ठरवावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गवताळ जमिनीचं शेत कुठे झालं, हे मी भूआच्छादनाच्या (जमिनीवर गवत, शेत, झाडं यांपैकी काय आहे ते दाखवणाऱ्या) तयार नकाशांवरून शोधतो आहे. वर्ल्डकव्हर या युरोपीय अवकाश संस्थेच्या जागतिक नकाशा-संचातले २०२० आणि २०२१ चे नकाशे १० मीटरचे (एक चौकट, म्हणजे पिक्सेल, १० × १० मीटरचा), पण दोन्हींची वर्गीकरण पद्धत वेगळी. थेट तुलना केली की खरा बदल कुठला आणि पद्धतीतला फरक कुठला, हे कळत नाही.

मोठी अडचण पडीक शेतांची. वर्षभर पेरलं नाही की तण माजतं आणि नकाशा त्याला गवत म्हणतो. वर्षावर्षाच्या नकाशांतला एका पिक्सेलचा क्रम बघा: शेत, शेत, गवत, शेत, गवत. कुरण असं वर्षाआड उगवत नाही!

म्हणून सलग तीन वर्षं गवत आणि पुढे सलग तीन वर्षं शेत असेल तरच रूपांतर धरतोय. जोडीला सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रांवरून काढलेला एनडीव्हीआयचा (हिरवेपणाच्या निर्देशांकाचा) आलेख बघतो. नांगरटीनंतर तो एकदम खाली येतो; कापलेलं गवत बहुधा थोडं उतरून पुन्हा सावरतं.

तीन वर्षांची अट पुरेशी आहे का? गवत आणि पीक आलटून पालटून घेतात तिथे काय करता? शिवाय बदललेलं क्षेत्र इतकं थोडं असतं की पडताळणीच्या यादृच्छिक बिंदूंत ते जेमतेम येतं. त्या भागात जास्त बिंदू घेतले, तर क्षेत्रफळ काढताना त्या बिंदूंना भार (वेटेज) कसा द्यायचा?

जुनं कुरण मोडलं की मातीतला कार्बन भरून यायला दशकं लागतात, म्हणून आकडा नेमका हवाय. कोणी हे काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.