खोली छोटी म्हणून स्पीकरही छोटेच? (आणि मोज्याचं काय ते एकदा ठरवा)

कानसेन:
'खोली छोटी आहे, 3 इंची वूफर (खर्ज वाजवणारा भाग) पुरे, मोठा घेतलात तर नुसता घुमेल' असं काल ठोकून गेलेल्या साहेबांसाठी हे लिहितोय. कोणते स्पीकर घेऊ असं विचारणाऱ्याची खोली 3 बाय 3.5 मीटर, बजेट तुटपुंजं, आणि त्याला हा सल्ला! राहवलं नाही.

घुमते ती खोली. 3 मीटरवर समोरासमोर उभ्या दोन भिंती 57 हर्ट्झच्या आसपासचा सूर धरून बसतात, 3.5 मीटरवरच्या 49 हर्ट्झचा. वूफर 5 इंची असो की 6, त्या पट्ट्यात वाजला की भिंती साथ देणारच. 3 इंची घुमत नाही हे खरं, कारण तिथं तो वाजतच नाही. डोकं दुखतंय म्हणून डोकंच उडवायचं?

5 इंची घ्या, बंद पेटीचा किंवा पुढे पोर्ट (पेटीतली हवा बाहेर सोडणारं नळकांडं) असलेला. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा भाग, कानाच्या उंचीला. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण, बाजू सव्वा मीटर. खोलीच्या बरोबर मध्यात बसू नका, तो धरलेला सूर नेमका तिथंच गायब होतो. झालं.

तिसरा मजला:
तो साहेब मीच. तुमचा त्रिकोण वहीत फार देखणा दिसतो हो. खोलीत पलंग असतो, कपाट असतं, दार आत उघडतं. स्पीकर भिंतीला टेकूनच राहणार. उंटावरून शेळ्या हाकू नका. मी असल्याच खोलीत साडेसहा इंची, मागे पोर्टवाले दोन वर्षं सोसलेत. बातम्या देणारा माणूस रांजणात बसून बोलतोय असं वाटायचं. विकले, छोटे घेतले, सुखी झालो.

कानसेन:
भिंतीला टेकवलेत म्हणून रांजण! थोडा पुढे घ्यायचा. खर्ज फुगला तो भिंतीमुळे आणि शिक्षा वूफरला. नाचता येईना, अंगण वाकडं.

तिसरा मजला:
इथं अंगण खरंच वाकडं आहे. तेच तर मी पहिल्यापासून सांगतोय.

रात्रपाळी:
तुम्ही दोघंही जोरात ऐकणारे दिसता. मी घरातले सगळे झोपल्यावर ऐकते. आवाज कमी केला की कान सगळ्यात आधी खर्ज सोडतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवलंय. जुन्या अॅम्प्लिफायरवरचं 'लाउडनेस' बटण त्यासाठीच असायचं. म्हणजे हळू ऐकणाऱ्याला खर्ज जास्त हवा. 3 इंचीवर रात्री मला तबल्याची चाट ऐकू यायची, डग्गा शेजारच्या खोलीत राहिल्यासारखा.

सोल्डर:
एवढं भांडण कशाला? मागे पोर्ट असेल तर त्यात मोजा कोंबा. फुकटात काम.

कानसेन:
काय मोजा? पोर्टचा व्यास?

सोल्डर:
पायात घालतात तो मोजा हो! पोर्ट बुजवला की खर्ज जरा आधीपासून उतरायला लागतो, पण हळूहळू उतरतो. भिंतीजवळ तेच बरं. काही कंपन्या त्यासाठी फोमचे बोळे स्पीकरच्या खोक्यातच देतात. मोजा म्हणजे गरिबाचा बोळा.

कानसेन:
ज्याने पोर्टची लांबी हिशेबाने ठरवली तो काय वेडा होता? मग सरळ बंद पेटीचाच घ्या ना. बीबीसीच्या इंजिनियरांनी 1970 च्या दशकात एलएस3/5ए हा स्पीकर केला तो प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये मावावा म्हणून. बंद पेटी, 5 इंची वूफर. गाडीपेक्षा तुमची खोली नक्कीच मोठी असेल.

सोल्डर:
आणि त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज, 83 डेसिबलच्या आसपास, ते सांगायचं राहिलं वाटतं. 3 डेसिबल कमी म्हणजे दुप्पट वॅट. बजेट तुटपुंजं आहे असं तुम्हीच लिहिलंत. तो अॅम्प कोण देणार, तुम्ही?

कानसेन:
सव्वा मीटरवर बसणाऱ्याला किती वॅट लागतात? पाच-दहा वॅटमध्ये कान किटतील. आकडे फेकायचे तर पूर्ण फेका.

पलंगाखाली:
मोज्याबद्दल अनुभवाने सांगते. मी कोंबला. आठवड्याने तो आत गेला. आवाज बरा होता, पण मधूनच भसभस. वूफरचे सहा स्क्रू काढले, सातवा घासून गुळगुळीत झाला होता, त्यावर एक रविवार गेला. मोजा निघाला. जोडीचा दुसरा मोजा अजून सापडलेला नाही.

तिसरा मजला:
दुसऱ्या स्पीकरमध्ये बघा.

जाळीविरोधक:
सगळे पोर्टवर लागलेत, पुढच्या जाळीबद्दल कुणी बोलत नाही. निम्म्या घरांत ट्वीटर जाळीमागे घुसमटतोय आणि लोक म्हणतात स्पीकर मंद आहे.

सोल्डर:
तुम्ही प्रत्येक चर्चेत हेच लिहिता. मागच्या वेळी विषय हेडफोनचा होता.

कानसेन:
विषयावर या. मोजा कोंबल्याने नक्की काय बदललं, ते कुणी मोजलंय? आधी मोजा, मग मोजा!

सोल्डर:
मोजलंय. फोनचा माइक, त्याच जागी ठेवून, पोर्ट उघडा आणि बंद. फोनच्या खर्जावर माझा भरवसा नाही, पण दोन वेळांमधला फरक तरी कळतो. फुगवटा स्पष्ट उतरला. मग स्पीकर भिंतीपासून अर्धा मीटर पुढे आणला तर 170 हर्ट्झच्या आसपास खड्डा. थेट येणारा आवाज आणि भिंतीवरून परतलेला आवाज तिथं एकमेकांना खातात. तुमचं 'थोडा पुढे' तेवढं सोपं नाही, कानसेन.

कानसेन:
मी कालच्या उत्तराला चिडून लिहायला बसलो होतो, 'थोडा पुढे' वहीतून काढलं नव्हतं. बरं, भिंतीला टेकवणं भागच असेल तर बोळा चालेल. बोळा म्हणतोय, मोजा नव्हे.

तिसरा मजला:
ऐतिहासिक क्षण. आणि 5 इंची बंद पेटीचा मिळाला तर मीही ऐकून बघेन म्हणतो. घेईन असं म्हटलेलं नाही.

रात्रपाळी:
मूळ प्रश्न विचारणारा कुठे गेला?

नवाश्रोता:
इथंच आहे. स्पीकर अजून घेतलेले नाहीत. त्याआधी पलंग दुसऱ्या भिंतीला लावून बघतोय, कारण आत्ता माझी उशी बरोबर खोलीच्या मध्यावर येते. एकच शंका, जाळी काढून ऐकायचं की लावून?

सोल्डर:
अरे बाबा, नको.

जाळीविरोधक:
शेवटी कुणीतरी विचारलं! सविस्तर लिहितो.