होनोलुलूत राहावे की टेक्सासला जावे? घरच्या ग्रुपवरील चर्चा

पुतण्या (होनोलुलू):
सर्वांना नमस्कार. आमच्या फ्लॅटचा भाडेकरार संपत आला असून नव्या करारात भाडे महिना 2,900 डॉलरवरून 3,200 डॉलर होईल, असे पत्र घरमालकाने दिले आहे. नेमके याच सुमारास हिला टेक्सासमधील डॅलस येथून नोकरीचे बोलावणे आले आहे. पगार इथल्याइतकाच आहे, आणि मला मात्र तिथे गेल्यावर काम शोधावे लागेल. इथे दोघे कमावत असूनही महिनाअखेरीस हाती फारसे उरत नाही, पण केवळ महागाईला कंटाळून हवाईचे हे बेट सोडावे का, हे आमचे ठरत नाही. मुलगी पुढच्या वर्षी शाळेत जाईल, त्यामुळे निर्णय फार लांबवता येणार नाही. सर्वांनी स्पष्ट मत द्यावे, आणि काकांनी बँकेच्या कर्ज विभागात आयुष्य घालवले असल्याने आकडे त्यांनी तपासावेत, अशी विनंती आहे.

आत्या (सातारा):
आधी मला एक सांगा. दुधाचे आणि कांद्या-बटाट्याचे भाव तू मागे कळवले होतेस, ते ऐकून मी चक्रावून गेले होते. बारमाही हिरवळ आणि पाऊस असलेल्या ठिकाणी भाजीपाला इतका महाग का असावा? तिथली जमीन पिकत नाही का?

काका (विश्रामबाग, सांगली):
अक्काने मुळावरच बोट ठेवले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. जमीन उत्तम पिकते, परंतु शंभराहून अधिक वर्षे तिथल्या चांगल्या जमिनीवर ऊस आणि अननस पिकला, आणि तोही बाहेर पाठवण्यासाठी. पुढे मजुरीचा खर्च आणि साखरेचा भाव यांचा मेळ बसेनासा झाला, कारखाने एकेक करून बंद पडले आणि माऊई बेटावरचा शेवटचा साखर कारखाना 2016 च्या अखेरीस थांबला. आपल्या जिल्ह्यात उसाखालचे रान मोकळे झाले, तर पुढच्या हंगामात त्यात हळद किंवा भाजी दिसते, कारण बियाणे, मजूर, गाडी आणि मार्केट यार्ड सगळे हाताशी असते. तिथे ऊस गेला, पण त्या प्रमाणात खाण्याची पिके उभी राहिली नाहीत. आज तिथल्या अन्नापैकी सुमारे 85 ते 90 टक्के अन्न बाहेरून येते, आणि कॅलिफोर्नियाचा किनारा सुमारे 3,800 किलोमीटरवर आहे.

त्यात अमेरिकेचा 1920 चा जोन्स कायदा आहे. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा असेल, तर जहाज अमेरिकेत बांधलेले, अमेरिकन मालकीचे आणि प्रामुख्याने अमेरिकन खलाशी असलेले हवे, असे हा कायदा सांगतो. अशी जहाजे बांधायला आणि चालवायला फार महाग पडतात, म्हणून हवाईच्या या मार्गावर मुख्यतः दोनच कंपन्या उरल्या आहेत. आशियातून निघालेले परदेशी जहाज वाटेत होनोलुलूला माल उतरवू शकते, पण तिथला माल उचलून कॅलिफोर्नियाला पोहोचवू शकत नाही, त्यामुळे एवढ्यासाठी वाट वाकडी करणे त्याला सहसा परवडत नाही. 1949 साली तिथल्या गोदी कामगारांचा संप जवळजवळ सहा महिने चालला होता, तेव्हा बेटांवरच्या घरांत काय टंचाई झाली असेल, याची कल्पना करावी. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा आपण सांगलीकरांनी हे काही दिवस अनुभवले आहे: रस्ते बंद, दुधाच्या गाड्या अडकलेल्या आणि मिळेल त्या भावाने भाजी घेण्यावाचून इलाज नाही. आपल्याकडचे पाणी उतरले आणि भावही उतरले. तिथे तसे होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, हे धरूनच हिशेब मांडला पाहिजे.

पुतण्या (होनोलुलू):
काका, तुम्ही म्हणता ते खरे आहे, पण खाण्यापिण्याच्या खर्चाशी आम्ही बऱ्यापैकी जुळवून घेतले आहे. दुधाचा पावणेचार लिटरचा कॅन सात-आठ डॉलरला पडतो, म्हणून दही घरीच लावतो. भाजी चायनाटाउनच्या मंडईतून आणतो, पपई आणि आंबे हंगामात शेजारचे आजोबा पिशवी भरून दारात ठेवतात, आणि कढीपत्ता गॅलरीतल्या कुंडीत आहे. डाळी आणि मसाले आईच्या पार्सलमधून येतात. विजेचा दर इथे देशात सर्वांत जास्त आहे, कारण अजूनही मोठ्या प्रमाणावर तेल जाळून वीज तयार होते. पण ईशान्येकडून सतत वारा येत असल्यामुळे आम्ही वातानुकूलन यंत्र लावलेलेच नाही. महिन्याला सुमारे 400 युनिट लागतात आणि बिल 170 डॉलरच्या आसपास येते. डॅलसमध्ये युनिटचा दर याच्या निम्म्याहून कमी असला तरी उन्हाळ्यात तेथे 1,500 युनिट सहज जळतात, असे तिथल्या मित्राने सांगितले.

आतेभाऊ (सातारा):
माझे मत सरळ आहे. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, तर हवाईत तो वरच्या टप्प्यात 11 टक्क्यांपर्यंत जातो. शिवाय हवाईत किराण्यावरही कर लागतो, जो होनोलुलूत साडेचार टक्के आहे. इतका फरक डोळ्यांसमोर असताना विचार कसला करायचा? घर तिथे होनोलुलूच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळेल.

काका (विश्रामबाग, सांगली):
आयकराचा मुद्दा बरोबर आहे, मात्र निर्णय त्या एका रकान्यावर घेऊ नये. राज्याला पैसा कुठून तरी उभा करावाच लागतो, आणि टेक्सास तो घरपट्टीतून उभा करते. होनोलुलूत मालक स्वतः राहत असेल तर घरपट्टी किमतीच्या साधारण 0.35 टक्के आहे, म्हणजे दहा लाख डॉलरच्या घराला वर्षाला 3,500 डॉलर. टेक्सासच्या शहरी भागात ती सवलती वगळता दोन टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे चार लाखांच्या घराला सुमारे 8,000 डॉलर. स्वस्त घराची घरपट्टी महाग घराच्या दुपटीहून अधिक! गारपिटीमुळे तिथला घराचा विमाही जड असतो. दोन माणसे दोन दिशांना कामाला गेली, तर दोन गाड्या लागतील. तुमचे होनोलुलूत एका गाडीवर आणि बसवर भागते, ही बचत कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

तरीही खरा फरक कर्जाच्या हप्त्यात आहे, आणि मला सर्वांचे लक्ष तिकडे वेधायचे आहे. 2021 पासून ओआहू बेटावर, म्हणजे होनोलुलू ज्या बेटावर आहे तिथे, स्वतंत्र घराची मधली किंमत (निम्मी घरे जिच्याहून महाग, निम्मी स्वस्त) दहा लाख डॉलरच्या घरात किंवा वर आहे. वीस टक्के रोख भरले, उरलेल्या आठ लाखांवर साडेसहा टक्के व्याज आणि तीस वर्षांची मुदत धरली, तर हप्ता सुमारे 5,050 डॉलर येतो. चार लाखांच्या घरासाठी त्याच अटींवर तो सुमारे 2,020 डॉलर येतो. दरमहा तीन हजारांचा हा फरक दही घरी लावून किंवा पंख्यावर भागवून भरून निघणार नाही. दूध, वीज आणि पेट्रोल माणसाला रोज बोचतात, म्हणून बोलणे त्यांचेच होते. पण बेटावर टिकायचे की नाही, हे जागेची किंमतच ठरवते. जागा वाढत नाही, तिच्यावर बाहेरच्या श्रीमंतांची आणि पर्यटकांची मागणी आहे, आणि बांधकामाचे बहुतेक सामान जहाजातूनच येते.

आतेभाऊ (सातारा):
मग स्वतंत्र घराऐवजी फ्लॅट घेतला तर?

काका (विश्रामबाग, सांगली):
फ्लॅट सुमारे निम्म्या किमतीत मिळतो, पण तिथे दोन गोष्टी पाहिल्याशिवाय सही करू नये. पहिली म्हणजे जमीन कोणाची. होनोलुलूत अनेक इमारती भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत. 1967 च्या कायद्याने स्वतंत्र घरांच्या पट्टेदारांना जमीन विकत घेण्याचा मार्ग मिळाला आणि 1984 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला, पण फ्लॅटच्या बाबतीत भाडेपट्टा अजून मोठ्या प्रमाणावर आहे. जाहिरातीत एखादा फ्लॅट आश्चर्यकारक स्वस्त दिसला, तर त्याच्या पट्ट्याची थोडीच वर्षे उरली असण्याची शक्यता असते. मुदत संपली की फ्लॅटही हातचा जाऊ शकतो. असे प्रकरण माझ्या टेबलावर आले असते, तर मी पट्ट्याची मुदत कर्जाच्या मुदतीच्या पलीकडे आहे का, हे पाहिल्याखेरीज पुढचे पान उलटले नसते. दुसरी गोष्ट म्हणजे मेंटेनन्स. 2023 च्या ऑगस्टमध्ये माऊई बेटावरचे लाहैना गाव आगीत जळाले, त्यानंतर इमारतींच्या विम्याचे हप्ते फार वाढले आणि तो भार सभासदांवर पडला. जुन्या उंच इमारतीचा मेंटेनन्स कर्जाच्या हप्त्याशी स्पर्धा करू लागतो.

सूनबाई (होनोलुलू):
काका, आत्या, नमस्कार. नोकरी माझी बदलणार आहे, म्हणून मीही लिहिते. हवाईत 1974 पासून असा कायदा आहे, की आठवड्याला वीस तास किंवा अधिक काम करणाऱ्या जवळपास प्रत्येक नोकरदाराला मालकाने आरोग्य विमा द्यावाच लागतो, आणि स्वतःच्या विम्यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून दीड टक्क्याहून अधिक रक्कम कापता येत नाही. मुलीच्या जन्माच्या वेळी मी अर्धवेळ काम करत होते, तरीही विमा चालू राहिला आणि दवाखान्याच्या बिलाची धास्ती घ्यावी लागली नाही. टेक्सासमध्ये असा राज्याचा कायदा नाही. ज्या कंपनीने मला बोलावले आहे ती लहान आहे, आणि पन्नासपेक्षा कमी पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या कंपनीवर केंद्राच्या कायद्याचेही बंधन नसते. पगार सारखा दिसत असला, तरी हातात तो सारखा पडेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट मनात आहे. मुलीला सांभाळणाऱ्या आजी मूळच्या हवाईयन आहेत. त्यांची तीनही मुले लास व्हेगासला गेली आहेत; तिकडे इतकी हवाईयन कुटुंबे गेली आहेत की त्या शहराला इथले लोक नववे बेट म्हणतात. 2020 च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक मूळ हवाईयन लोक हवाईबाहेर राहतात. ज्यांची ही भूमी त्यांनाच ती परवडत नाही, हे रोज पाहताना मला फार वाईट वाटते. आमच्यासारखे बाहेरून आलेले दोन पगारवाले इथे वाढीव भाडे भरतात, तेव्हा त्याचा बोजा कोणावर पडतो, हाही प्रश्न आम्ही स्वतःला विचारतो. राहायचे म्हटले तरी आणि जायचे म्हटले तरी या आजींना काय सांगायचे, हे मला सुचत नाही.

आत्या (सातारा):
सूनबाई, तुझे लिहिणे वाचून गलबलून आले. त्या आजींना माझा नमस्कार सांग. मला आकडे फारसे कळत नाहीत, पण एक सांगते. आपल्यात आणि होनोलुलूत साडेपंधरा तासांचे अंतर आहे. आमची संध्याकाळ असते तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. डॅलसमध्ये आमच्या संध्याकाळी तुमची सकाळ असेल. दादा-वहिनींचे वय पाहता, नात शाळेला निघण्याआधी रोज दोन मिनिटे दिसणे ही त्यांच्यासाठी मोठी गोष्ट आहे. हिशेबात हेही धरा.

काका (विश्रामबाग, सांगली):
अक्का, हे धरलेच पाहिजे, आणि मी आता माझे मत निःसंदिग्धपणे मांडतो. होनोलुलूत घर घेऊ नये. ज्या ठिकाणी आपले घर कधीच होणार नाही तिथे भाड्याने राहण्यात गैर काहीच नाही, मात्र ती राहण्याची मुदत आपण ठरवलेली असावी, दरवर्षी येणाऱ्या घरमालकाच्या पत्राने नव्हे. माझ्या मते मुलगी शाळेत रुळण्याआधी तुम्ही बेट सोडावे. परंतु आता आलेल्या बोलावण्यावर लगेच सोडू नये. सूनबाईने विम्याचा मुद्दा काढला नसता, तर मीही डॅलसला होकार दिला असता. विमा कोणता, त्यात कुटुंब आहे का, पगारातून किती कापणार आणि आजारपणात पहिला खर्च किती रकमेपर्यंत आपला, हे सर्व कंपनीकडून लेखी मागवावे. लेखी देण्यास टाळाटाळ झाली तर तिथे जाऊ नये आणि दुसरी जागा शोधावी; आयकर नसलेली राज्ये आणखीही आहेत. तुला तिथे काम मिळेपर्यंत एका पगारावर किती महिने निघतील, तेवढी शिल्लक वेगळी काढल्याशिवाय सामान जहाजावर चढवू नये.

पुतण्या (होनोलुलू):
काका, हे पटले. घरमालकाशी उद्याच बोलतो आणि वर्षाऐवजी सहा महिन्यांचा करार मिळतो का ते पाहतो. त्यासाठी थोडे जास्त भाडे द्यावे लागले तरी चालेल. ही कंपनीला विम्याची कागदपत्रे मागणारा मेल आज पाठवते आहे. आत्या, वेळेच्या फरकाचा विचार आम्ही खरोखर केला नव्हता.

काका (विश्रामबाग, सांगली):
कागदपत्रे आली की इथे टाकू नकोस, मला स्वतंत्र पाठव. पगाराचे तपशील ग्रुपवर नकोत. आणि सध्याचा करार नेमका कोणत्या तारखेला संपतो आणि घर सोडण्याची नोटीस किती दिवस आधी द्यायची आहे, ते करारातून पाहून आजच कळव.