प्रतिसाद: ड्रोन असताना पतंग कशाला?

वर विचारलंय की आर्क्टिकच्या टुंड्रात फोटो काढायला पतंग कशाला, ड्रोन नाही का? अहो, थंडीत ड्रोनची बॅटरी भराभर उतरते आणि चुंबकीय ध्रुवाच्या आसपास होकायंत्र भरवशाचं राहत नाही. पतंगाला लागतो फक्त वारा, आणि उघड्या टुंड्रात तो अडवायला झाडंच नाहीत.

उपग्रह आहेत, पण लँडसॅट उपग्रहाच्या फोटोतला एक ठिपका ३० मीटरचा, म्हणजे आमच्या ठाण्याच्या सोसायटीची अख्खी बिल्डिंग त्यात मावते! आणि टुंड्रातलं बुटकं विलोचं झुडूप तर वीतभरही वाढत नाही. जमिनीतला बर्फ वितळून झालेली डबकी, शेवाळाचे पट्टे हे सगळं पतंगावरून सुटं सुटं दिसतं. जवळच्या अवरक्त प्रकाशाचा कॅमेरा लावला तर हिरवाई किती जोमदार आहे तेही कळतं.

कॅमेरा पतंगाला बांधायचा नसतो. पतंग स्थिर झाला की त्याच्या बराच खाली, दोरीवर लटकवतात, म्हणजे हिसके पोचत नाहीत. पतंगावरून फोटो काढायची कल्पना जुनीच, फ्रान्समध्ये आर्थर बात्यूने १८८८ मध्ये केलेली. फक्त संक्रांतीच्या पतंगावर प्रयोग नको, तो फिरकी घ्यायला बनलाय, वजन उचलायला नाही. दोरी जाड नायलॉनची किंवा डॅक्रॉनची (म्हणजे पॉलिएस्टरची), मांजा अजिबात नाही.

खाडीकाठी करून बघायचा मोह मलाही होतो. पण फ्लेमिंगो आहेत, आणि नवी मुंबईकरांनो, आता तुमच्याकडे विमानतळही आहे. १९३४ च्या विमान कायद्याने तर ‘विमाना’च्या व्याख्येत पतंगही घातला होता!