चायना ग्रास आणि जिलेटिन एक नव्हे

"चायना ग्रास म्हणजे जिलेटिनच, त्याने पोट काय साफ होणार" असं कुणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातड्यातून काढतात, ते प्रथिन असल्याने पचून जातं. चायना ग्रास म्हणजे अगार, लाल समुद्री शेवाळातलं. ते लहान आतड्यात पचत नाही, पाणी धरून फुगतं आणि मळाला आकारमान देतं, साधारण इसबगोलासारखंच. म्हणून भरपूर पाण्याशिवाय कोरडं घेऊ नये, उलट अडकायची भीती. आणि वाटीभर खरवसासारख्या पुडिंगमध्ये ते असतं चिमूटभर, त्यावर फार आशा ठेवू नका.

आजोबांच्या कपाटात अगारोल या रेचकाची, म्हणजे पोट साफ करायच्या औषधाची, बाटली असायची. नाव अगारवरून, पण जुन्या अगारोलचा खरा जोर लिक्विड पॅराफिन (एक खनिज तेल) आणि फिनॉल्फ्थॅलीनचा. अगार मुख्यतः तेल-पाणी एकजीव ठेवायला. फिनॉल्फ्थॅलीन म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत अल्कलीत गुलाबी होणारं तेच! कर्करोगाच्या शंकेवरून अमेरिकेने 1999 मध्ये ते विनाचिठ्ठीच्या रेचकांतून काढलं. शेवाळ बिचारं नावापुरतं.