अटकलो की अडकलो?

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं घर. पुतण्या नववीत आहे. हॉलच्या टीव्हीला प्लेस्टेशन जोडून बंदुकांचा ऑनलाइन गेम खेळतो. त्याच्या संघात पुण्याचा माझा भाचा, कॉलेजात जाणारा. दोघांच्या कानाला हेडसेट. परवा मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो, तर हा एकदम ओरडला, "दादा, अटकलो, अटकलो!"

पुण्याच्या दादाला ऐकू आलं "अडकलो". त्याला वाटलं, हा कुठल्यातरी कोपऱ्यात सापडलाय. बिचारा चांगली गच्चीवरची जागा सोडून जिन्याने धावत खाली आला. जिन्याखाली एक जण दबा धरून बसलेला. त्याने आधी दादाला टिपलं, मग आमच्या पठ्ठ्याला. मग दहा मिनिटं नुसतं भांडण. "अडकलो म्हणालास ना?" "अटकलो म्हणालो! नेट अटकलं होतं. तू वरच थांबायचंस की!"

आमच्या बडोद्याच्या मराठीत अटकणे सर्रास चालतं. पाऊस अटकला, काम अटकलं, गाडी फाटकाशी अटकली. गुजरातीतलं 'अटकवुं' म्हणजे थांबणं, तिथूनच ही सवय लागली असणार. पण मला हा फरक कामाचा वाटतो. पदर खिळ्याला अडकतो, घास घशात अडकतो. तिथे धरून ठेवणारं काहीतरी असतं. अटकायला कुणी धरावं लागत नाही, चालतं ते आपोआप थांबतं. तुमच्याकडे या अर्थाने हा शब्द आहे का?

पुण्याहून: आमच्याकडे अटक पोलीस करतात. फार तर अटकेपार झेंडे, तेही १७५८ साली. नेटबद्दल आम्ही सरळ 'लॅग होतंय' म्हणतो. मराठीच हवं तर 'रखडतंय' आहे की.

बडोद्याहूनच: अटकेवरून आठवलं. लग्न होऊन साताऱ्याहून इथे आले तेव्हा फॉर्म भरून घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "आपनी अटक?" मी म्हटलं, अजून तरी नाही हो! गुजरातीत अटक म्हणजे आडनाव, हे नंतर कळलं. यजमान अजून हसतात.

इंदूरहून: आमच्याकडेही 'गेम अटकून राहिलाय' असंच म्हणतात, पण ते हिंदीतलं. आणि हिंदीत अटकनामध्ये दोन्ही येतं, पतंग झाडावर अटकतो आणि फाइलही अटकते. म्हणजे तुमचा तो बारीक भेद इकडे पुसला जातो.

खेळणारा एक: काका, 'अटकलं' या एका शब्दात तुम्ही दोन वेगळी दुखणी घातलीत. पिंग म्हणजे निरोप सर्व्हरकडे जाऊन परत यायला लागणारा वेळ. तो १५० मिलिसेकंदांवर गेला की गेम चालतो, पण शिळा चालतो. सेकंदाला ६० चित्रं धरली, तर तेवढ्या वेळात नऊ चित्रं होऊन गेलेली असतात. समोरचा दिसतो तिथे नसतोच, तुम्ही भिंतीवर गोळ्या झाडता. याला 'रखडणं' बरोबर आहे. दुसरं म्हणजे चित्रच जागच्या जागी राहतं. त्याला आमची आजी तुपाबद्दल म्हणते तो शब्द घ्या, थिजणं. चित्र थिजलं. (आणि वायफायऐवजी वायर लावा, निम्मी शब्दचर्चा वाचेल.)

धागा काढणारा: थिजणं फारच आवडलं. मग एक गंमत माझ्याकडून. निरोप वेळेवर आला नाही तर गेम हातावर हात ठेवून बसत नाही. गडी ज्या वेगाने ज्या दिशेला पळत होता तसाच पुढे पळवून दाखवतो. खरा निरोप आला की चूक दुरुस्त होते आणि गडी झटक्याने मागे ओढला जातो. १९९६ च्या क्वेकवर्ल्ड या ऑनलाइन गेममध्येही स्वतःच्या हालचालीचा असा अंदाज बांधलेला होता. याला मराठीत तयार शब्द आहे: अटकळ. नेट अटकलं की गेम अटकळीवर चालतो. व्युत्पत्तीचा दावा नाही, नुसती जुळलेली अक्षरं.

हे सगळं पुतण्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "काका, एवढं बोलेपर्यंत दोनदा मेलो असतो." 'थिजलो' मात्र त्याने तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. अटकलोपेक्षा एक अक्षर कमी आहे.