बर्फाविना मलनमुने: जिवाणूंचा डीएनए कितपत विश्वासार्ह राहतो?

प्रश्न (एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र)
नमस्कार. प्रबंधासाठी मला डोंगरातील पाड्यांवरून मलनमुने गोळा करून १६एस जनुकाच्या (सर्व जिवाणूंत असणाऱ्या आणि त्यांची ओळख पटवणाऱ्या जनुकाच्या) आधारे आतड्यातील जिवाणू ओळखायचे आहेत. तेथून उणे ८० अंशांच्या फ्रीझरपर्यंत पोहोचायला दीड दिवस सहज जातो आणि वाटेत बर्फ मिळेलच असे नाही. अशा नमुन्यांवर भिस्त ठेवावी का?

उत्तर १
नमुना नुसता डबीत ठेवून आणू नका. शरीराबाहेरही जिवाणू जिवंत असतात, उन्हाळ्यात ई. कोलायसारखे प्राणवायूत तगणारे जिवाणू वाढत राहतात आणि एरवी आतड्यात बहुसंख्य असणारे विनॉक्सी (प्राणवायूविना जगणारे) जिवाणू मागे पडतात. नमुना घेताक्षणी ९५ टक्के इथेनॉलमध्ये नीट मिसळा. ७० टक्क्यांचे, म्हणजे प्रयोगशाळेत पुसायला वापरतो ते, या कामी टिकत नाही. मात्र सर्व नमुन्यांना एकच पद्धत लावा. निम्मे गोठवलेले आणि निम्मे इथेनॉलमधले असतील, तर दिसणारा फरक पाड्यांचा की पद्धतीचा, हे सांगता येणार नाही. इथेनॉलमधल्या नमुन्यातून पुढे जिवाणू वाढवता येणार नाहीत, हेही आताच ध्यानात घ्या.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे, पण मला खरी काळजी डीएनए काढण्याच्या टप्प्याची वाटते. ग्रॅम-पॉझिटिव्ह गटातील जिवाणूंची पेशीभित्तिका जाड असते. नळीत झिर्कोनियाचे बारीक मणी घालून जोरात हलवल्याशिवाय ती नीट फुटत नाही. हे टाळल्यास सहज फुटणारे प्रिव्होटेला व बॅक्टिरॉइड्स हे पातळ भित्तिकेचे जिवाणू प्रमाणाबाहेर दिसतात. धान्य-डाळींवर भर असलेल्या भारतीयांमध्ये प्रिव्होटेला भरपूर असल्याचे आधीच नोंदले गेले असल्याने अशी चूक अपेक्षित निष्कर्ष म्हणून खपून जाते, आणि म्हणूनच ती अधिक घातक आहे. प्रत्येक तुकडीबरोबर नमुना न घातलेली एक नळीही चालवा, कारण डीएनए काढण्याच्या किटमधील रसायनांतही जिवाणूंचा डीएनए असतो. सुमारे १,५०० अक्षरांच्या १६एस जनुकाचा व्ही३-व्ही४ नावाचा एवढाच तुकडा वाचणार असाल, तर प्रजातीपर्यंतचे दावे करू नका. बहुधा वंशापर्यंतच (प्रजातीच्या वरच्या पातळीपर्यंत, म्हणजे जीनसपर्यंत) थांबावे लागते.

उत्तर ३
गेल्या काही महिन्यांत प्रतिजैविके घेतली होती का, हे प्रत्येकाला विचारून नोंदवा. नमुन्यातील सगळाच डीएनए वाचायचा विचार असेल, तर त्यात देणाऱ्या माणसाचा डीएनएही येतो. म्हणून तसा स्पष्ट उल्लेख असलेले संमतीपत्र त्यांच्या बोलीत वाचून दाखवा आणि नैतिकता समितीची मंजुरी पाड्यावर जाण्यापूर्वीच घ्या.