तळपायावरचा वाढता काळा डाग: कोणाला दाखवावा?

घोडबंदरकर:
माझ्या आईच्या (वय ६२) तळपायावर, टाचेच्या आतल्या बाजूस, दिवाळीच्या सुमारास एक काळपट ठिपका दिसला. तिला ते कुरूप वाटले, म्हणून औषधाच्या दुकानातून कुरुपाची पट्टी आणून ती लावत राहिली. आता तो डाग अंगठ्याच्या नखाएवढा झाला आहे. एका कडेला गर्द काळा आणि दुसरीकडे फिका तपकिरी, आणि मोजे काढताना कधीकधी त्यांवर ओलसर ठिपका उमटलेला असतो. दुखत मात्र मुळीच नाही. शेजारच्या काकू म्हणतात, पार्लरमध्ये मशीनने जाळून घ्या. मामांचे म्हणणे, तिळाला सुरी लागली की रोग पसरतो. शिवाय आपल्यासारख्या सावळ्या लोकांना त्वचेचा कर्करोग होतो का, हाही प्रश्न आहेच.

त्वचारोगतज्ज्ञ, नेरूळ:
शेवटचा प्रश्न आधी घेतो. गोऱ्या लोकांच्या तुलनेत आपल्याकडे हा रोग पुष्कळ कमी आढळतो, कारण त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून बऱ्यापैकी संरक्षण देते. परंतु तळपाय, तळहात आणि नखांखाली होणाऱ्या मेलॅनोमाचा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाचा, उन्हाशी फारसा संबंध नसतो, त्यामुळे तो कोणत्याही वर्णाच्या माणसाला होऊ शकतो. गायक बॉब मार्ले यांना १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याला तो झाल्याचे निदान झाले आणि १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

तिळाचे दोन अर्धे एकमेकांशी न जुळणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाच डागात अनेक रंग दिसणे, व्यास ६ मिलिमीटरपेक्षा मोठा असणे आणि डाग बदलत राहणे ही सावध होण्याची लक्षणे आहेत. त्यांतले शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. लहानपणापासून जसाच्या तसा असलेला मोठा तीळ बहुधा निरुपद्रवी असतो. साठीत नव्याने उगवून वाढणारा, पाझरणारा डाग मात्र दाखवलाच पाहिजे. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण सुरुवातीला तो बहुधा दुखत नाहीच. वर्णनावरून निदान करणे योग्य नाही. कुरुपाखाली साकळलेले रक्तही असेच दिसू शकते. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोपने डाग मोठा करून पाहतील आणि शंका आल्यास बायोप्सी, म्हणजे डागाचा तुकडा काढून तपासणी, सुचवतील. बायोप्सीमुळे कर्करोग पसरतो ही समजूत निराधार आहे. पट्टी आजच बंद करावी आणि याच आठवड्यात वेळ घ्यावी.

ऐरोलीची सून:
पार्लरबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते. माझ्या सासूबाईंच्या नाकाशेजारी एक चकचकीत काळसर गाठ होती, जिच्यावर खपली धरायची, पडायची आणि पुन्हा रक्त यायचे. ती एका ठिकाणी जाळून काढण्यात आली आणि निघालेला भाग तपासणीला न पाठवता टाकून दिला गेला. काही महिन्यांनी गाठ पुन्हा आली तेव्हा बायोप्सीत बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग निघाला. हा प्रकार सहसा शरीरात पसरत नाही, पण आजूबाजूची त्वचा आत खोलवर पोखरत जातो, त्यामुळे शस्त्रक्रिया मोठी करावी लागली. चुना आणि सोडा लावून चामखीळ जाळणारेही आपल्याकडे कमी नाहीत. काढलेला तुकडा कितीही लहान असो, तो प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे.

त्वचारोगतज्ज्ञ, नेरूळ:
सहमत आहे. मेलॅनोमामध्ये तर गाठ त्वचेत किती मिलिमीटर खोल गेली आहे यावर पुढचे उपचार ठरतात. जाळून टाकल्यावर ती जाडी कधीच मोजता येत नाही.

खारघर-२२:
ठाण्यात राहात असल्यामुळे कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाचा त्वचारोग विभाग तुम्हाला जवळ पडेल. बायोप्सीत काही निघालेच, तर खारघरला टाटा स्मारक केंद्राचे अॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. तेथे किंवा परळच्या टाटा रुग्णालयात जाताना केवळ अहवालाचा कागद पुरत नाही. ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली तिथून काढलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि तो ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ठोकळा मागून घ्यावा, कारण टाटाचे डॉक्टर ते स्वतः पुन्हा पाहतात. डागाशेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटोही काढून ठेवा.

घोडबंदरकर:
सर्वांचे आभार. गुरुवारची वेळ मिळाली आहे. जाण्यापूर्वी काही तयारी करावी लागते का?

त्वचारोगतज्ज्ञ, नेरूळ:
विशेष काही नाही. पायाला मेंदी किंवा नखांना रंग लावू नये, कारण त्याखालचे काही दिसत नाही. बोटांच्या बेचक्या आणि दुसरा तळपायही दाखवावा, आणि जांघेत गाठ हाताला लागत असेल तर आईंनी संकोच न करता ते डॉक्टरांना सांगावे.